हाणणारे आणि आवरणारे

‘‘तुम्ही आवरणारे,’’ पहिल्याच भेटीत बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून सांगून टाकलं. मग माझ्या बायकोकडे वळल्या. ‘‘आणि वहिनी, तुम्ही हाणणाऱ्या. पण लपवता.’’

आखातात, अल कुसैसच्या आमच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर राहायच्या. एका प्रयोगशाळेत संशोधन करायच्या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झालेल्या बायकांच्या रक्तातल्या आणि गाठीतल्या पेशी तपासायच्या. रोगाला हाणणाऱ्या पेशी असतात, तशा त्या पेशींना आवरणाऱ्याही असतात, हे मला त्यांनी लिफ्टमध्ये शिकवलं. ‘‘दोन्ही लागतात हो. नुसते हाणणारे असले तर शरीर स्वतःवरच उठेल. पण गाठीभोवती आवरणाऱ्यांची गर्दी झाली, की खलास! गाठ आरामात वाढते.’’

मग सगळ्या जगाची त्या अशीच वाटणी करायच्या. वॉचमन आवरणारा. पार्किंगवरून भांडणारे पहिल्या मजल्यावरचे काका हाणणारे. एकदा आमची मुलगी काढा घेऊन वर गेली. ‘‘आंटी, इट्स फॉर इम्युनिटी.’’ बाईंनी पेला हातात धरून तिला विचारलं, ‘‘कुठली वाढवू गं? हाणणारी की आवरणारी?’’ आणि एका घोटात पिऊन टाकला.

तुमच्याही इमारतीत असं कुणीतरी असेल. असलं तर त्यांना बोलू द्या.

मी तेव्हा इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष होतो. हळदीकुंकवाला अर्धा तास या आजाराबद्दल, तपासणीबद्दल बोलते, असं बाईंनी सुचवलं.

‘‘अहो, सणासुदीला हा विषय? पुरुष असतात, मुलं असतात.’’

‘‘गर्भाशय म्हटलं की तुम्ही सगळे छताकडे बघता. तिथे असतं का ते?’’

मी हसलो, आणि भाषण काढून टाकलं. माइकवर मात्र सांगितलं, की बाईंनी ऐनवेळी नकार कळवला. बाईंच्या ते कानावर गेलं. ‘‘माझा नकार तुम्हीच देऊन टाकलात? यल्ला, चला, तेवढंच एक काम वाचलं.’’ पण मंडळात त्या शिष्ट ठरल्या. आता त्या कायमच्या भारतात परतल्या आहेत, तरी इथे त्यांची तीच ओळख उरली आहे. म्हणून लिहितो: बाईंनी नकार दिला नव्हता. मी दिला होता.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या बायकोचं निदान झालं. तोच कॅन्सर, बराच पुढे गेलेला. हॉस्पिटलमधून परतताना ती गाडीत म्हणाली, ‘‘हळदीकुंकवाला मी पुढची जागा धरून बसले होते. पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, आणि परत डाग दिसायला लागले होते. कुणाला विचारणार? म्हटलं, बाई सांगतीलच.’’

सिग्नल हिरवा झाला होता. मागचे हॉर्न वाजवत होते.

बाईंनी मला कधी एक शब्द ऐकवला नाही. उपचारांच्या दिवशी येऊन बायकोच्या उशाशी बसायच्या. ‘‘माझ्या आत कोण जिंकतंय?’’ तिने एकदा विचारलं.

‘‘असं नुसतं बघून नाही सांगता येत, वहिनी. जिभेवरचे हाणणारे मात्र जोरात आहेत.’’

दोघी किती हसल्या! नर्स बघायला आली.

बायको गेली. मंडळातले लोक भेटायला आले, तेव्हा बाई आमच्या स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. मदतीला म्हणून एक जण आत गेली, मग दुसरी, मग उरलेल्याही. कुणीतरी आतून दार लोटून घेतलं. आधी कुजबुज ऐकू आली, मग बाईंचा स्वच्छ आवाज. ‘‘तपासणीला फार त्रास नाही हो, थोड्या वेळाचं काम. दुखायची वाट मात्र बघू नका.’’ त्यावर कुणीतरी काही विचारलं. मग आणखी कुणीतरी.

बाहेर पुरुष ताटकळले होते. सचिव उठले. ‘‘चहाचं काय झालं, जरा बघतो.’’

मी माझी खुर्ची उचलली, स्वयंपाकघराच्या दाराला टेकवली आणि तिच्यावर बसलो.

‘‘बसा,’’ मी म्हणालो. ‘‘चहाला वेळ लागेल.’’