ताट कोणीकडे वळवायचं

आमच्या घराण्यात बी. ए. झालेला मी पहिला. कोणी न विचारताही मी हे सांगतो, कारण विचारण्याची वाट पाहिली तर लोक विचारतच नाहीत.

पास झालो तशी ठाण्याच्या शाळेत मास्तरकी मिळाली. हेडमास्तरांची अट एकच, मास्तराने गावातच राहायचं. तळ्याकाठच्या एका आजोबांकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या. पण ते अस्सल ठाणेकर, उपऱ्याला जागा देत नसत. मूळचे कुठले, असं त्यांनी विचारताच मी छाती काढून सांगितलं, हिंदुस्थानचा. तेव्हा कॉलेजातून बाहेर पडणारा प्रत्येक जण असंच बोलायचा.

"हिंदुस्थानाला खोल्या कशा देऊ रे?" आजोबा म्हणाले. "चूल पेटती ठेवून गेलास तर बोलू कोणाला?"

मग घराणं बघायला म्हणून ते कल्याणला आमच्याकडे जेवायलाच आले.

पंचाईत अशी की आम्ही मूळचे कुठले, हे आमच्यातच ठरलेलं नव्हतं. कल्याणात चार पिढ्या गेल्या, तरी कुळदेवी वडिलांच्या मते कोकणात आणि काकांच्या मते घाटावर. नैवेद्य देवीच्या गावाकडे तोंड करून दाखवायचा, म्हणून सणासुदीला आमच्याकडे दोन ताटं लागत, एक दक्षिणेला, एक पूर्वेला. पाहुण्यासमोर शोभा नको म्हणून आईने त्या दिवशी एकच ताट वाढलं. तिथेच चुकलं.

वडिलांनी ताट दक्षिणेला केलं. काकांनी ते हळूच पूर्वेला सरकवलं. वडिलांनी परत फिरवलं. दोघंही तोंडाने श्लोक म्हणत होते, त्यामुळे भांडण नुसतं हातांनी चाललं होतं. अळूची भाजी भाताखाली शिरली, मुदीचा किल्ला ढासळला. पाहुणे पाटावर बसून बघताहेत आणि माझ्या खोल्या डोळ्यांदेखत चालल्या आहेत. शेवटी शिकलेला माणूस म्हणून मी तोड सुचवली, दोन्हींच्या मधली आग्नेय धरा.

"तिकडे न्हाणी आहे," काकू दाराआडून म्हणाली.

आजोबांना भूक आवरेना. "आणा इकडे," म्हणत त्यांनी ताट ओढलं, सरळ उत्तरेला वळवलं, पाणी फिरवलं आणि डोळे मिटून हात जोडले.

श्लोक तिथेच थांबले. काकूच तेवढी बोलली.

"आजोबा, तुम्ही ठाण्याचे ना? मग उत्तरेला कोण?"

आजोबांनी डोळे उघडले. ताटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"आमचे थोरले असंच दाखवायचे," ते म्हणाले. मग पुटपुटले, "गुजराथेतनं आलो म्हणे. मी काही तेव्हा नव्हतो."

वडील काकांकडे बघून हसले, काका वडिलांकडे. आजोबांनी भात निवतोय एवढंच सांगितलं आणि अळू दोनदा मागून घेतलं. निघताना मला अंगणात बाजूला घेतलं. खोल्या तुझ्या, म्हणाले, पण तळ्याकाठी यातलं अक्षर काढायचं नाही.

मी आजतागायत काढलेलं नाही. सणाला त्यांचं ताट अजून उत्तरेलाच वळतं. आधी ते दार तेवढं लावून घेतात, आणि दार लावायला मलाच हाक मारतात.