‘जमतंय की’ म्हणणारा भैरू

क्वार्टर गेटच्या चौकात सिग्नल सुटला, माणसं रस्ता ओलांडून गेली, तरी भैरू जागचा हलला नाही. काठी फुटपाथच्या कडेला टेकवून त्याने दम घेतला आणि म्हणाला, "ताई, पुन्यांदा इचारा."

सुहासिनीबाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "जिना चढता येतो का?"

"येतो की! कितवा मजला?"

"अहो भैरू!"

"चुकलं. तोंडातनं निसटतंय बघा."

"पुन्हा. खाली उकिडवं बसता येतं का?"

भैरूने ओठ घट्ट मिटून घेतले. 'येतं' हा शब्द दातांच्या आत येऊन उभा आहे, हे बाईंना स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्याने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते देवालाच ठाऊक.

मंडईतून निघाल्यापासून ही उजळणी चालली होती. सुहासिनीबाईंचं सारं आयुष्य शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिण्यात गेलं. मुलांचे पाढे त्यांनी खिडकीतून पुष्कळ ऐकले. पण साठीच्या माणसाला 'नाही' म्हणायला शिकवायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

खरं तर चालत यायचं काही कारण नव्हतं. रिक्षा करू म्हटल्यावर भैरू म्हणाला होता, "जल्मभर मी दुसऱ्याचं वजन न्हेलं. आता माझं वजन दुसऱ्यानं न्ह्यायचं व्हय?" मेट्रो तर मंडईच्या पोटातच. पण "जित्तेपणी जमिनीखाली कशापायी जायचं" म्हणून तीही बाद झाली. राहिले पाय. त्यातला एक सरळ, एक वाकडा.

"बरं, पिशवी तरी माझ्याकडं द्या," तो वाटेत कितीदा तरी म्हणाला.

"आज नाही. आज तुम्ही काही म्हणजे काही उचलायचं नाही."

पिशवीत कागद, पाण्याची बाटली आणि पोळी-भाजीचा डबा, एवढंच होतं. पण बाई हट्टाला पेटल्या होत्या. भैरूच्या एका हातात काठी, दुसरा रिकामा होता आणि त्याला त्या हाताचं काय करावं ते कळत नव्हतं. कधी तो पाठीमागे घ्यायचा, कधी खिशात घालायचा.

भैरू मूळचा धाराशिवकडचा. मिसरूड फुटायच्या आत चुलत्याबरोबर पुण्यात आला तो थेट मंडईत. चुलत्याने पहिल्या दिवशी डोक्यावर पाटी ठेवली आणि हमालीतलं एकच शहाणपण सांगितलं. गिऱ्हाईकाने "जमेल का रे?" विचारलं, की त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत "जमतंय की" म्हणायचं. विचार करत उभा राहिलास की शेजारचा पाटी उचलून चालायला लागलाच म्हणून समज.

भैरूने हे फारच मनावर घेतलं. त्याने पुढे आयुष्यात दुसरं उत्तरच दिलं नाही. बायको आजारी पडली, दवाखान्यात विचारलं, रात्री इथे जमिनीवर झोपायला जमेल का? जमतंय की. ती गेली. मग ट्रकमधून कांद्याची गोण घसरून त्याच्या कमरेवर आली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं, आणि डावा पाय आखूड झाला. हमाली सुटली तशी भाड्याची थकबाकी वाढली. घरमालक तसा माणूस वाईट नव्हता. चाचरतच म्हणाला, महिनाअखेर खोली मोकळी करायला जमेल का? भैरू म्हणाला, जमतंय की. आणि एका बंद दुकानाच्या ओट्यावर येऊन राहिला.

तिथून त्याला सुहासिनीबाईंकडे आणलं ते बायडाबाईने. बायडाबाई मंडईत लाल भोपळे आणि कोहळे विकते. भैरूची पत्र्याची पेटी तिच्या फळीखाली असते आणि तिची जीभ तिच्या कोयत्याहून धारदार आहे. सुहासिनीबाई दर मंगळवारी घराजवळच्या कसब्याच्या गणपतीचं दर्शन घेऊन तिथल्याच एका पायरीवर बसतात. ज्यांना घरदार नाही, पाय नाहीत, डोळे नाहीत, त्यांचे सरकारी अनुदानाचे कागद करून देतात. त्याबद्दल कुणी काही म्हटलं तर म्हणतात, "देवापुढे नुसतं हात जोडून किती वेळ बसणार?"

बायडाबाईने भैरूला त्यांच्यापुढे उभं केलं. "बाई, ह्याचं कायतरी करा. दोन दिस जेवला न्हाई, आन् इचारलं तर म्हणतंय जमतंय."

काम तसं सरळ होतं. ज्याला घर नाही त्याच्या पत्त्याचा प्रश्न येतो, तो महापालिकेच्या निवाऱ्याच्या पत्त्यावर सुटला; झोपायला मात्र तिथे जागा नव्हती. आधार झालं, बँकेत खातं झालं, उत्पन्नाचा दाखला झाला. राहिला दिव्यांगत्वाचा दाखला. त्यावर निदान चाळीस टक्के लागतात, तरच दरमहा निराधाराचं अनुदान मिळतं. पाय बघून बाई निर्धास्त होत्या. हे तर होणारच, म्हणून त्यांनी भैरूला एकट्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं.

तिथे घोटाळा झाला.

भैरूने त्या दिवशी दाढी केली, पांढरा सदरा मागून आणला आणि दंडावर हमालीचा जुना पितळी बिल्ला घासूनपुसून बांधला. मोठ्या माणसापुढे जायचं तर कामाच्या माणसासारखं जावं, असा त्याचा हिशेब. डॉक्टरांनी विचारलं, चालता येतं? जमतंय की. चढता येतं? जमतंय की. खाली बसता येतं? तो दातओठ खाऊन बसूनही दाखवायला निघाला. भिंत धरून कमरेपर्यंत वाकला आणि 'बसलो' म्हणाला. शिवाय निघताना दारात लोखंडी बाक आडवं आलं होतं, ते उचलून बाजूला ठेवलं. डॉक्टरांनी समोर जे दिसलं ते लिहिलं. पस्तीस टक्के.

त्या संध्याकाळपासून तीन दिवस भैरू ओट्यावरून उठला नाही. बायडाबाई तेल चोळता चोळता शिव्या घालत होती. "बाक उचललंस? तिथंच बसून घ्यायचं, मुडद्या, तर उचललंस?"

पुन्हा तपासणी करून घेण्यासाठी अर्ज करण्यात पावसाळा गेला. आता ही दुसरी वेळ. हीही हुकली तर पुन्हा कधी, ते सांगता येत नव्हतं, आणि थंडी तोंडावर आली होती. ओट्यावर आणखी एक थंडी भैरूच्या कमरेला झेपणार नाही, हे बाईंना दिसत होतं. भैरूलाही दिसत असावं. तो बोलत नव्हता, एवढंच.

दवाखान्याच्या कमानीशी आल्यावर बाई थांबल्या. "एक ऐका. मी तुम्हाला खोटं बोलायला शिकवत नाहीये. मला ते चालायचंही नाही. गेल्या वेळी खोटं बोललात ते तुम्ही. आज फक्त खरं सांगा."

"खरं सांगायला लई लाज वाटती, ताई."

"कुणाची?"

दंडाला आजही बांधलेला बिल्ला भैरूने सोडला आणि बाईंच्या हातात दिला. "हे पिशवीत ठिवा. हे अंगावर असलं की तोंड आपोआप व्हय म्हणतं."

आत पडद्यापलीकडे डॉक्टरबाई होत्या. वयाने तरुण, आवाज कामाने दमलेला. सुहासिनीबाईंना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. हे तेच गेल्या वेळचं बाक असावं. बिल्ला मुठीत धरून त्या मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणायला लागल्या. कान मात्र पडद्याकडे.

"जिना चढता येतो का, काका?"

बाई बाकावरच पडद्याकडे सरकल्या.

"काका?"

"...कठडा असला तर. एकेक पायरी. दोन्ही पाय एकाच पायरीवर ठिवून."

"खाली बसता येतं?"

यावेळी इतका वेळ गेला की बाईंचं अथर्वशीर्ष मध्येच तुटलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आता हा बसून दाखवतोय की काय, म्हणून त्या अर्ध्या उठल्या.

"न्हाई जमत," भैरू म्हणाला.

एवढंच. मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, पण न अडखळता: "कूस बदलाय जमत न्हाई. मोरीवर बसाय जमत न्हाई. हात न टेकता उभं राहाय जमत न्हाई. भरलेली बादली जमत न्हाई, अर्धी न्हेतो."

"मागच्या वेळी हे का नाही सांगितलंत?"

"मॅडम, मला आजवर ज्यानं ज्यानं 'जमतंय का' इचारलं, त्यानं व्हय ऐकायसाठीच इचारलं. न्हाई ऐकून घेणारं कुणी असतंय, हे मला ठावंच नव्हतं."

डॉक्टरबाईंनी त्याला टेबलावर निजवलं, पाय वाकवून बघितला, मोजला, पुन्हा मोजला. बाहेर आल्या तेव्हा सुहासिनीबाईंना म्हणाल्या, "चाळीसच्या बरंच पुढे जातंय, आजी. दाखला येईल. काळजी करू नका." मग जाताजाता म्हणाल्या, "आणि त्यांना शेकायला सांगा. रोज."

बाईंनी तिथल्या तिथे डोळे मिटून कसब्याच्या दिशेने नमस्कार केला. दिशा चुकली असेल, पण पोचला असणार.

भैरू मात्र पडद्याआडून आला तो एखादी वस्तू हरवून आल्यासारखा. बाईंनी डबा उघडला, त्याने पोळीचा एक घास घेतला आणि तसाच बसून राहिला.

"झालं की हो काम! आता तहसीलला कागद दिले की मंजुरी. मग एखादी खोली बघू, निदान कुठे भाड्याच्या कॉटचं तरी बघू."

"व्हय."

"जमेल ना?" बाईंच्या तोंडून सहज गेलं.

भैरू हसला नाही. "बघू," म्हणाला.

निघताना बाईंनी भीत भीत विचारलं, "रिक्षा?" आणि भैरू एका शब्दाने न भांडता रिक्षात जाऊन बसला. पाय आत घ्यायला रिक्षावाल्याने हात दिला, तोही घेतला. बाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण सकाळी शेजारी चालत होता तो माणूस त्या दवाखान्यातच ठेवून आल्या की काय, असं त्यांना वाटलं. देवा, मी बरं केलं ना, त्यांनी मनात विचारलं. रस्ताभर ना देव बोलला, ना भैरू.

मंडईचा कळस दिसायला लागला तसा भैरूने रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला. "हितंच थांबवा."

"अहो, दारापर्यंत जाऊ की," बाई म्हणाल्या.

"नको. समदी बघत्यात. बायडाबाई तर सकाळपासनं वाटेला डोळं लावून असंल."

तो कसाबसा उतरला. समोर मंडईची वर्दळ चालली होती. पाट्या, हातगाड्या, कोथिंबिरीच्या जुड्या. गर्दीतून एक तरणा हमाल डोक्यावर फ्लॉवरची करंडी घेऊन गेला आणि जाताजाता ओरडला, "काय पैलवान, कुठं गेल्तास?" भैरूने हात वर केला. रिकामा हात. मग तो खाली घेतला आणि कुठे ठेवावा ते न कळून सदऱ्याला पुसला.

सुहासिनीबाईंनी पिशवीतून बिल्ला काढून त्याला दिला. त्याने तो दंडाला बांधला नाही, मुठीत धरला.

"ताई, तुम्ही बायडाबाईकडनं भोपळा न्हेता न्हवं?"

"नेते की. फोड नेते. आमच्या यजमानांना भोपळा चालत नाही, मी एकटीच खाणार. तुमची बायडाबाई दर वेळी मला ऐकवते, फोड घेणाऱ्यांनी मंडईत येऊ नये म्हणून."

"आज फोड नका घेऊ." भैरू पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघून बोलला. "कागदावर आलं ते खरंच हाय, ताई. म्या खोटं बोललो न्हाई. पर हितल्या लोकांनी मला रिकाम्या हातानं येताना कधी बघितला न्हाई. एवढं कराल का? आज अख्खा भोपळा घ्या. लहानातला लहान चालंल. आन् मंडईतनं कसब्यापतुर तो माझ्या खांद्यावर असू द्या."