राऊळ सरांचं एल्बेकाठचं गाव

सर गेल्याचं मला काकूंनीच कळवलं. सकाळचे साडेदहा वाजले असतील. अंबरनाथच्या रंगांच्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथे माझ्या टेबलावर एका नव्या यंत्राबरोबर आलेली जर्मन पुस्तिका उघडी होती आणि एका अवघड शब्दापाशी मी अडून बसले होते. फोन वाजला. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास... मग एकेक अक्षर उचलून ठेवावं तसा काकूंचा आवाज आला, "सु...रेखा... सर गेले गं." काकू म्हणजे सरांच्या पत्नी. काही वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्यांचं बोलणं असं तुटक झालेलं. काकूंना चहा पाजून सर खुर्चीत पेपर वाचायला बसले ते बसलेच, पान उलटलं नाही म्हणून काकूंनी हाक मारली. मी "आले" म्हणून फोन ठेवला आणि, का ते आजही सांगता येत नाही, समोरचं अर्धं राहिलेलं वाक्य आधी पूर्ण केलं. मग रिक्षा केली.

त्याला आता पाच आठवडे झाले. अनंत राऊळ हे नाव वाचणाऱ्यांपैकी फार कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे. मूळचे सावंतवाडीकडचे, राहायला अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्यांत, मूलबाळ नाही. मी पालेगावची. आमची भातशेती, आणि आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सत्त्याऐंशी साली मी पहिल्या वर्षाला होते, तेव्हा फळ्यावर एक चिठ्ठी लागली होती की सकाळी सात वाजता प्रयोगशाळेत जर्मन शिकवलं जाईल, ज्याला वाटेल त्याने यावं. रंगांचं जुनं सगळं रसायनशास्त्र जर्मनमध्ये लिहिलेलं, म्हणून सर तरुणपणी पुस्तकांवरून ती भाषा शिकले होते. खरं सांगायचं तर मी गेले ते सकाळचं गोठ्यातलं काम चुकावं म्हणून. पहिल्या दिवशी आम्ही पंधरा-सोळा जण होतो, दिवाळीनंतर चार उरलो. त्यात माझ्या शेजारी बसायची ती लाजवंती, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसवलेल्या कॅम्प नंबर दोनमधली, तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. ती जर्मन क्रियापदं दुकानातल्या दरांसारखी सलग म्हणून दाखवायची आणि सरांना हसू आवरायचं नाही.

आणि मग ते परिपत्रक आलं. दिल्लीच्या शिक्षण खात्याकडून कॉलेजांना अनुदान मिळणार होतं. परदेशातल्या एखाद्या कॉलेजाशी करार करायचा आणि आपली मुलं सहा महिने तिकडे शिकायला पाठवायची. आमच्यासारख्या कॉलेजांना अशी परिपत्रकं येतात ती केवळ यादीत पत्ता असतो म्हणून. ते स्टाफरूममध्ये टाचणीला लागून पिवळं पडलं असतं. सरांनी ते काढून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी ते प्रिन्सिपॉल साहेबांच्या केबिनमध्ये गेले, तेव्हा मी जर्नलवर सही घ्यायला बाहेर उभी होते. साहेब सिंधी, मनाने मोठे, पण कॉलेजच्या गळक्या छपराने गांजलेले. "राऊळ साईं," ते म्हणाले, "पहले लॅब का छत तो होने दो. जर्मनी बाद में देखेंगे." सर म्हणाले, "साहेब, छपराचा अर्ज वेगळा करतो. दोन्ही एकदमच जातील." आणि खरोखर दोन्ही गेले.

पूर्व जर्मनीत एल्बे नदीच्या काठी एक गाव होतं, तिथे रंगरसायनांचं छोटंसं कॉलेज होतं. तिथल्या एका प्राध्यापकांशी सरांची पत्रापत्री सुरू झाली. निळसर पाकिटं यायची, त्यांवरचे तिकिटांचे रंग आम्ही उन्हात धरून बघायचो. एका पत्रातून गावाचा नकाशा आला. सरांनी तो आलेखाच्या कागदावर मोठा करून काढला, आणि त्यानंतर आमचा वर्ग जणू त्या गावातच भरू लागला. रविवारी सर आम्हां चौघांना बदलापूरला उल्हास नदीवर न्यायचे. "ही एल्बे समजा," म्हणायचे. मग वाळूवर काठीने चौक आखायचा, एका दगडाला स्टेशन म्हणायचं, एका उंबराला घड्याळाचा मनोरा, आणि जर्मनमध्ये एकमेकांना रस्ता विचारत हिंडायचं. डावीकडे वळा, सरळ जा, पूल ओलांडा, पाववाल्याच्या दुकानावरून उजवीकडे. पलीकडे म्हशी डुंबत असायच्या, धुणी आपटल्याचा आवाज पाण्यावरून उशिराने यायचा, आणि लाजवंती फडक्यात बांधलेली कोकी, म्हणजे त्यांच्याकडची जाड पोळी, पाववाल्याच्या दगडावर मांडून आम्हाला जर्मनमध्ये विकायची. कधी कधी डोळे अर्धवट मिटले की मला खरंच मनोरा दिसायचा... उन्हात थोडा हलणारा, पण दिसायचा.

अर्जाची चौकशी करायला दिल्लीहून एक अधिकारी आले. त्यांनी कॉलेज पाहिलं, छप्पर पाहिलं, आम्हाला पाहिलं, आणि सरळच विचारलं, "मोठमोठी विद्यापीठं रांगेत उभी आहेत. इथल्या मुलांनी परदेशात कशासाठी जायचं?" सर म्हणाले, "साहेब, या गावातल्या अर्ध्या मुलांचे आईवडील सगळं मागे टाकून इथे आले. दूर जाणं काय असतं ते या घरांना ठाऊक आहे. जाऊन परत येता येतं, एवढंच यांना दाखवायचं आहे." लाजवंतीने मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी त्यावर काही लिहून घेतलं नाही. पण सहा महिन्यांनी अनुदान मंजूर झालं. चार विद्यार्थी आणि सोबत एक शिक्षक. शिक्षक म्हणजे अर्थात राऊळ सर.

परवानगी मागायला सर पालेगावला आमच्या घरी आले. बाबांनी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, "सर, तिकरं भात मिलतो का?" सर म्हणाले, "मिळतो, पण बटाटा जास्त." बाबा म्हणाले, "आन् पोर परत येल ना?" "मी आणीन," सर म्हणाले. तेवढ्यावर बाबा कबूल झाले. शिरगावचं एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं, ते त्यांनी थांबवायला सांगितलं. त्या लोकांना थांबायचं नव्हतं. मला वाईट वाटलं नाही. मी तेव्हा मनाने पूल ओलांडून पलीकडे गेलेच होते.

ते एकोणनव्वद साल. हिवाळ्यात बर्लिनची भिंत पडल्याची बातमी आली. सर पेपर घेऊनच वर्गात आले, एवढे आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आता तर जाणं आणखी सोपं!" ते म्हणाले. आम्ही पासपोर्ट काढले, काकूंनी माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला. पण निळसर पाकिटं आधी उशिरा येऊ लागली, मग यायचीच थांबली. तिकडचं ते छोटं कॉलेज बंद करून दुसऱ्यात मिसळल्याचं एका ओळीचं पत्र आलं. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर दिल्लीचा लखोटा आला. ज्या देशातल्या संस्थेशी करार झाला होता तो देश आता अस्तित्वात नाही, सबब अनुदान रद्द करण्यात येत आहे.

हे सांगायलाही सर स्वतःच आले. त्याच ओट्यावर बसले. गावात तोवर कर्णोपकर्णी झालंच होतं, पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, पोरगी जायची व्हती तो देशच बुराला. मी दारात उभी राहून सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "सर, निदान देश तरी नीट बघून निवडायचा होता." बाबा ओरडले माझ्यावर. सर म्हणाले, "नको, ओरडू नका. चुकलंच माझं." त्यांनी पाणी प्यायलं, भांडं उपडं ठेवलं आणि बांधावरून चालत निघून गेले. त्याच फाइलमध्ये त्यांचंही तिकीट होतं, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी आलं नाही. पुढे कितीतरी दिवस आलं नाही.

मी अंबरनाथच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. लाजवंतीचं लग्न झालं, ती इंदूरला गेली. तीनेक वर्षं मी सरांच्या घरावरून जायचं टाळून लांबचा रस्ता धरायचे. मग एके दिवशी कारखान्यात जर्मनीहून एक यंत्र आलं. त्याची पुस्तिका कुणालाच वाचता येईना, साहेब मंडळी चित्रांवरून अंदाज बांधत होती. मी मागे उभी होते. नकळत मोठ्याने वाचू लागले आणि सगळे माझ्याकडे वळले... त्या संध्याकाळी माझे पाय आपोआप सरांच्या घराकडे निघाले. दार उघडंच होतं. काकू पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या, त्यांना बरं नसल्याचंही मला ठाऊक नव्हतं. सर त्यांच्या मागे बसून त्यांची वेणी घालत होते. माझ्याकडे बघून, जणू मी कालच येऊन गेले होते अशा आवाजात म्हणाले, "बरी आलीस. हे शेवटचे पेड माझ्या हातून सुटतात, कसे धरायचे दाखव." मी वेणी घातली. रडले ते काकूंच्या पाठीआड, म्हणजे त्यांना दिसू नये असं. मग सर म्हणाले, "दिल्लीला नवा अर्ज केलाय. गाव तेच आहे, कॉलेजचं आणि देशाचं नाव तेवढं बदललंय. सकाळच्या वर्गाला मला वेळेवर पोचता येत नाही, काकूंचं सगळं आवरून निघावं लागतं. तू घेशील का वर्ग?"

कामावर जाण्याआधी मी तो वर्ग घेऊ लागले. अर्ज दोनदा परत आला, सरांनी तो तिसऱ्यांदा टंकून घेतला. शहाण्णव साली अनुदान मंजूर झालं. सोबत जाणाऱ्या शिक्षकाच्या जागी सरांनी माझं नाव घातलं होतं, भाषेची मानद शिक्षिका म्हणून. मी भांडले. काकूंकडे मी राहते, तुम्ही जा, म्हटलं. सर हसले. "अगं, तिची वेणी आता कुठे मला जमायला लागलीय," म्हणाले. काकूंनी डाव्या हाताने उशाखालून तो अर्धा राहिलेला स्वेटर काढला. शेजारच्या बाईंनी तो पुरा केला, एक बाही जरा वेगळ्या पिळाची झाली.

तर अशी मी एल्बेच्या काठी गेले. सोबत पाच मुलं, त्यांत दोघी पालेगावच्या. स्टेशनाबाहेर पडले आणि डोळे मिटून डावीकडे वळले. पूल होता. मनोरा होता, धुक्यात वरचा अर्धा दिसेनासा झालेला. सगळं आधी कधीतरी पाहिलेल्यासारखं. पण रस्त्यांना वेगळीच नावं होती. देशाबरोबर पाट्याही बदलल्या होत्या, पाववाल्याच्या जागी छायाचित्रांचं दुकान होतं. मी दर आठवड्याला सरांना पत्र लिहायचे, आणि प्रत्येक पत्रात लिहायचे की सगळं तुम्ही सांगितलं तसंच आहे. परत आल्यावर भेटायला गेले तर त्यांनी माझी पत्रं जुन्या नकाशावर ओळीने मांडून ठेवली होती. "रस्त्यांची नावं बदलली असतील ना गं?" त्यांनी अगदी सहज विचारलं. मी पत्रांच्या कडा सारख्या करू लागले. "सांगायचं होतंस," ते म्हणाले. "मी आपला अजून जुन्याच रस्त्यांनी फिरतोय." आणि मग आम्ही दोघांनी पेन्सिलीने नवी नावं घातली, जुनी मात्र खोडली नाहीत. काकू पलंगावरून बघत होत्या. त्या दिवशी त्या स्पष्ट म्हणाल्या, "मला पण सांगा."

सर गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी वर्ग पुन्हा सुरू केला. जर्मनीत मी ज्यांच्या घरी राहिले त्या म्हाताऱ्या बाई पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून खुदकन हसल्या होत्या. जर्मनमध्ये 'मी'ला जो शब्द आहे, त्याचं शेवटचं अक्षर हलकं, जवळजवळ 'श'सारखं म्हणतात. सरांनी तो पुस्तकात वाचलेला, ते घशातून 'इख' म्हणायचे, म्हणून मीही, आणि माझी मुलंही. बाईंना वाटलं, मला कुणा डोंगरातल्या माणसाने शिकवलंय, तिकडे असं बोलतात म्हणे. सरांना हे सांगितलं तेव्हा ते खजील झाले. "एवढ्या वर्षांत एवढ्या मुलांना चुकीचं शिकवलं मी," म्हणाले. "आता तू नीट करून घे." मी हो म्हटलं होतं.

परवा एक नवी मुलगी वर्गात आली. बदलापूरच्या कुळगावची, लाजाळू, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. जुन्या मुलांकडून ऐकून तिने एक वाक्य पाठ करून आणलं होतं. ती म्हणाली, "इख कोमे आउस बदलापूर." मी बदलापूरहून आले. अगदी घशातून, भरदार 'इख'. मी हातात खडू घेऊन फळ्याकडे वळले... आणि खडू खाली ठेवला. "पुन्हा एकदा म्हण," मी म्हटलं. ती पुन्हा म्हणाली.