लेकीच्या वर्गाबाहेर

आठवीचा ग्रीक धडा म्हणजे बाईंचा धडा, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. विश्व कसं जन्मलं याची ती पुराणकथा. बाई फळ्याचे चार भाग करायच्या: कथानक, चेतनगुणोक्ती, संघर्ष, प्रतीक. मुलं मुकाट उतरवून घ्यायची आणि परीक्षेत भरभरून मार्क आणायची.

यंदा मुख्याध्यापिकांनी तो वर्ग नव्या शिक्षिकेला दिला. नवी शिक्षिका म्हणजे बाईंचीच लेक.

शिक्षकखोलीत सगळ्यांनी लेकीवरून बाईंचं कौतुक केलं. बाई हसल्या, पण आतून अंगाचा नुसता तिळपापड झाला. परकी कुणी असती तर चारचौघांत नावं तरी ठेवता आली असती. पोटच्या पोरीबद्दल बोलायचं कुणाजवळ? मग त्या घरीच तिच्या चुका काढू लागल्या. अक्षर गिचमिड, आवाज बारीक, मुलांना डोक्यावर बसवून ठेवलंय. लेक ऐकून घ्यायची. चेतनगुणोक्ती सोपी करून कशी सांगू, असं तिने एकदा विचारलं, तर भांडी विसळता विसळता बाई म्हणाल्या, पुस्तकात आहे की.

धड्याच्या दिवशी बाईंचा तास मोकळा होता. पाय आपसूक आठवीकडे वळले. दाराआडून पाहिलं तर लेक खुर्ची सोडून मुलांमध्ये बाकावर बसली होती.

"आधी काहीच नव्हतं. नुसती पोकळी, मोठ्ठी जांभई दिल्यासारखी," ती सांगत होती. "मग पृथ्वी आली. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आली आणि ऐसपैस बसली."

बाई जागच्या जागी थिजल्या. शब्दन् शब्द त्यांचा होता. लेक लहानपणी तापाने फणफणायची, तेव्हा तिला मांडीवर घेऊन त्यांनी ही गोष्ट अशीच सांगितली होती. वर्गात कधी सांगितली नव्हती. वर्गात असं बोलायचं नसतं, अशी त्यांची समजूत. आणि आता त्याच शब्दांवर अख्खा वर्ग कान टवकारून बसला होता. पुढे गोष्टीत पृथ्वीचा मुलगा क्रोनस आपलीच मुलं गिळू लागला. लेकीने का म्हणून विचारलं. मागून एक मुलगी म्हणाली, "मोठी झाली की आपली जागा घेतील, म्हणून."

बाई तशाच तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या. तिच्या तासाला गोंधळ होतो, आठवी मला परत द्या, असं सांगून मोकळ्या झाल्या. मुख्याध्यापिकांनी बाईंच्या शब्दाखातर मान्य केलं.

संध्याकाळी लेकीने धड्याचं पुस्तक आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"वर्ग हवा होता तर मला सांगायचंस, आई. मी दिला असता."

"ती गोष्ट माझी आहे," बाई म्हणाल्या.

"माहितीये. मुलांनाही सांगितलंय, ही माझ्या आईची गोष्ट म्हणून. तू दाराशी उभी होतीस, मला दिसलीस. आत का नाही आलीस?"

मनाच्या मोठेपणातही पोरगी आपल्यापुढे गेली, हे बाईंना वर्ग जाण्यापेक्षा जास्त लागलं.

सकाळी त्यांनी मुख्याध्यापिकांना सांगितलं की तक्रार खोटी होती. मग त्या लेकीबरोबर वर्गात गेल्या. गोष्ट तू सांग, फळा मी लिहिते, एवढंच बोलल्या.

'संघर्ष' लिहीत असताना मागे मुलं खळखळून हसली. आपल्यालाच हसली की काय, असं बाईंना वाटलं. खडू थांबला. मग त्यांनी मान वळवून विचारलं, "काय झालं रे मुलांनो? मलाही सांगा."