तासाभराचं नागपूर

भिलाईच्या गोष्टी डोक्यात अशा कोंबल्या आहेत, की एक ओढायला गेलं तर दहा अंगावर पडतात. आज फक्त विमानाच्या सांगते. राग अजून गेला नाही, म्हणून त्याच आधी.

कारखाना उभा होऊन राहिला होता. आम्ही सेक्टर सहामधल्या लहान क्वार्टरांच्या लायनीत. सगळे नागपूरकडचे. एका साहेबानं आम्हा बायांची सभा घेतली. म्हणाला, "रायपूरहून नागपूर आता विमानानं तासाभरावर. माहेर लांब म्हणून रडायचं नाही."

मी उठली. "अन् भिलाईहून रायपूर? अन् तिकीट?"

"शाळा शिकलात का, बाई?"

"किराण्याच्या पुड्या वाचून शिकली. पण रस्ता समजते मले."

त्या दिवशी सभेचा चहा लवकर आला.

*

आमच्यात रीत होती, नागपूरला जाणाऱ्याच्या हाती साऱ्या लायनीनं डबे द्यायचे. तोच साहेब विमानानं निघाला, तर शेजारची गोदाबाई लेकीसाठी कुरड्यांचा डबा घेऊन बंगल्यावर गेली. साहेबीणबाई म्हणाल्या, "विमानात सगळं तोलून घेतात हो. माणसांनासुद्धा काट्यावर उभं करतात."

गोदाबाईनं साहेबाच्या पोटाकडे पाहिलं. "मंग डबा जाऊ द्या, सायबालेच उतरवा."

*

गोदाबाईचा नवरा नागपूरला एका लग्नात ऐटीत सांगत होता, "आमाले काय, तासाभरात विमानानं येतो." आला होता पॅसेंजरनं. कानात इंजिनाची काजळी तशीच होती. मी हसली. माझा धाकटा भाऊ गणपत मात्र हसला नाही. त्याला ते सगळं खरं वाटलं.

*

मग तार आली. माय शेवटच्या घटका मोजून राहिली होती. आमचे हे सुट्टी मागायला गेले, तर साहेब म्हणे, "दुसरी तार येऊ दे. तासाभराचं तर अंतर!"

हे मान खाली घालून घरी आले. मी लुगडं पिशवीत कोंबलं. "तुमची सुट्टी सायबाच्या हातात. माही नाही."

"एकटी जाशील?"

"मायच्या पोटातून काय जोडीनं आली होती?"

यांनी दुर्ग स्टेशनवर गाडीत बसवलं आणि गणपतला तार केली : निघाली. एवढंच.

*

पॅसेंजर प्रत्येक स्टेशनच्या पाया पडत चालली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कुठं, बाई?"

"तासाभराच्या गावाले."

गोंदिया आलं तरी तो तास संपला नव्हता. साहेबाला मी इतक्या शिव्या दिल्या, की म्हातारी पुढच्या बाकावर जाऊन बसली.

*

घरी पोचली तेव्हा मायचा श्वास चालू होता. मी तोंडात पाणी घातलं. तिनं मला ओळखलं, मग दाराकडे पाहिलं. "गण्या?"

मी भावजयीला विचारलं, "गणपत कुठं आहे?"

"तार आली तसे विमानतळावर गेले. तुमाले आणायले."

मायची नजर दारावरच राहिली. माय माझ्या मांडीवरच गेली.

बऱ्याच वेळानं दाराशी टांगा थांबला. गणपत धापा टाकत आत आला. आधी मीच दिसली त्याला.

"बाई, विमान तं येऊन गेलं," तो म्हणाला. "म्या एकेक माणूस पायला. तू उतरलीच नाही."