भर समुद्रात जहाज वळलं

विमान लंडनला उतरायला लागलं आणि माझ्या उजव्या कानात कुणीतरी स्क्रू पिळत असल्यासारखी कळ आली. रुमालाला थोडं रक्तही लागलं. दुसऱ्या दिवशी मुलानं डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कानात बघितलं आणि सांगितलं, पडदा फाटलाय, दोन महिने विमानाचं नाव काढायचं नाही.

माझ्याबरोबर आक्का होती. माझी थोरली बहीण, वय अडुसष्ट, देवगाव रंगारीला शेती करते. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं लेथवर काढली आणि निवृत्त होऊन पुंडलिकनगरात घरी बसलो. आमचा बेत सरळ होता. आठ-दहा दिवस इंग्लंडात मुलाकडं राहायचं आणि तिथून विमानानं अमेरिकेला मुलीकडं जायचं. मुलीचे दिवस भरत आले होते. बायको आधीच तिच्याजवळ जाऊन राहिली होती. ‘आत्या पाहिजेच’ असं मुलीनं हट्टानं सांगितल्यामुळं आक्काचा पासपोर्ट, दोन्ही देशांचे व्हिसा, सगळं खटपट करून झालं होतं. आणि आता मी कान धरून बसलो होतो.

मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही इथंच थांबा. आत्याला मी विमानात बसवून देतो.”

“एकटी मी संभाजीनगरला येत नाय,” आक्का म्हणाली. “अन् ह्याला असा टाकून जाऊ व्हय? दुसरा रस्ता नाय का कुठला?”

दुसरा रस्ता म्हणजे समुद्र. मुलगा आधी हसला, पण मग खरंच शोधायला लागला. साउदॅम्प्टन बंदरातून न्यूयॉर्कला जाणारं प्रवासी जहाज होतं. सात दिवस, मध्ये कुठं थांबा नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, खुशाल जा, कानाला काही होणार नाही.

खोली निवडताना मुलानं मला नकाशा दाखवला. वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला एक खोली स्वस्तात होती. मी नको म्हणालो. यंत्रावर आयुष्य गेलेल्या माणसाला एवढं कळतं की लांब वस्तू टोकाला जास्त हलते आणि मध्यावर कमी. “मधोमध घे, आणि जमेल तेवढी खाली घे,” मी सांगितलं. पुढं चौथ्या दिवशी समुद्र खवळला तेव्हा पुढच्या टोकाचे लोक पिवळे पडून जेवायला येत होते किंवा येतच नव्हते. आता आमच्या कॉलनीत कुणी क्रूझला निघालं की मला विचारायला येतं, तेव्हा मी पहिली गोष्ट हीच सांगतो.

दुसरी गोष्ट मी चूक करून शिकलो. बंदरावर आमच्या मोठ्या बॅगा काढून घेतल्या आणि त्या खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ झाली. आक्काची बीपीची गोळी त्यातच होती. मी कासावीस, ती मात्र शांत. “चार तासांनी घेतली म्हणून मरत नाय मी,” म्हणाली. तरी मी सांगतो, औषधं, कागदपत्रं आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.

बंदरात जहाज पहिल्यांदा बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. गाडीतून उतरल्यावर मला समोर एक काळी भिंत दिसली. एखाद्या गोदामाची असावी म्हणून मी जहाज कुठं आहे ते शोधायला लागलो. मग त्या भिंतीत वरपर्यंत खिडक्यांच्या रांगा दिसल्या, आणि फार उंचावर कठड्याला टेकलेली बोटाएवढी माणसं. मी आयुष्यभर लोखंड कापलं, घासलं, तोललं. मुठीएवढा तुकडा पाण्यात टाकला तर तळाशी जातो हे मला माहीत होतं. आणि इथं एवढ्या लोखंडाचं गाव पाण्यावर उभं होतं. मी नुसता मान वर करून बघत राहिलो.

आक्कानं दोन्ही हात जोडले. “हे तरंगतं?” तिनं विचारलं.

“तरंगतं,” मी म्हणालो. का तरंगतं हे मला सांगता आलं असतं, पण त्या क्षणी माझाच त्यावर विश्वास बसत नव्हता.

सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांची कवायत झाली. धोक्याचा भोंगा वाजला तर कुठं जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं ते दाखवलं. पुष्कळ लोक गप्पा मारत होते. आक्का पहिल्या रांगेत उभी राहून बघत होती. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण नंतर खोलीत तिनं माझं जाकीट स्वतः बांधून दाखवलं, आणि मीच एक पट्टा चुकवला होता हे लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो तर जमीन संपलेली होती. चारी बाजूंना पाणी. मी समजत होतो की समुद्र निळा असतो. तो काळसर होता, शिसवी लाकडासारखा. आक्का कठड्याला धरून सावकाश गोल फिरली, डेकच्या या बाजूनं त्या बाजूला. कुठं एक झाड, एक टेकडी, एक दिवा, काही म्हणजे काही नव्हतं.

“आपण मधोमध हाव,” ती म्हणाली. “जिकडं जाऊ तिकडं मधोमध.”

खोलीतल्या टीव्हीवर एक चॅनेल होतं, त्यावर जहाज कुठं आहे आणि खाली पाणी किती खोल आहे ते दिसायचं. मी आकडा वाचून सांगितलं, चार किलोमीटर. आक्का हिशेब करत बसली. तिच्या शेतापासून गावच्या बसस्टँडपर्यंत साधारण तेवढं अंतर आहे. तो अख्खा रस्ता तिनं मनात उभा करून पाण्यात सोडला असावा, कारण नंतर बराच वेळ ती पलंगावर पाय वर घेऊन बसली.

पण तिला सगळ्यात नवल वाटलं ते बाथरूमच्या नळाचं. आमच्या शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येईल त्यावर लोक पाहुण्यांना बोलवायचं की नाही ते ठरवतात. इथं तोटी फिरवली की गोड पाणी यायचं, आणि ते जहाजच समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून तयार करायचं. हे कळल्यावर आक्कानं ओंजळभर पाणी पिऊन बघितलं. “मीठ कुठं गेलं रे?” असं तिनं मला दिवसातून दोनदा तरी विचारलं असेल.

जेवायला आमच्या टेबलावर एक म्हातारं इंग्रज जोडपं होतं. त्या आजोबांनी हा प्रवास पुष्कळदा केलेला. शाकाहारी जेवण हवं असलं तर तिकीट काढतानाच कळवावं, ते त्यांनीच आम्हाला सांगितलं, पण आमच्या मुलानं ते आधीच केलं होतं. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, त्यामुळं लोहचुंबकाचे हूक आणले तर टोप्या-कोट टांगता येतात, हे मात्र मला सुचलं नव्हतं, आणि लेथवाल्या माणसाला ते सुचू नये याची लाज वाटली. पोटात ढवळलं तर खोलीत पडून राहू नका, वर मोकळ्यावर या आणि लांब आभाळ-पाणी मिळतं तिथं नजर ठेवा, पोट मात्र रिकामं ठेवू नका, असं ते म्हणाले. आक्कानं तिच्या पिशवीतली सुंठ त्यांच्या बायकोला दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी रोज सकाळी त्या डेकवर बरोबर चालायच्या.

घड्याळं जवळजवळ रोज एक तास मागं घ्यायची असत. पश्चिमेकडं जाताना दिवस पंचवीस तासांचा होतो. “फुकटचा तास,” आक्का म्हणायची, आणि तो वाया जाऊ नये म्हणून आणखी लवकर उठायची.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो. आदल्या दिवशीचा समुद्र जरा निवला होता, तरी लाटा मोठ्या होत्या. माझ्या डाव्या हाताच्या खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं. बघता बघता ते ऊन सरकायला लागलं. बशीवरून, चमच्यांवरून, आजोबांच्या हातावरून सरकत ते टेबलाच्या पलीकडं गेलं. पायाखालची थरथरही बदलली. यंत्राचा सूर बदलला की माझे कान टवकारतात, एक फाटका असला तरी.

“जहाज वळतंय,” मी म्हणालो.

थोड्या वेळानं कप्तानाचा आवाज आला. मी आक्काला हळू आवाजात सांगत गेलो. उत्तरेला एक मासेमारीची बोट होती. तिच्यावरचा एक खलाशी पोटाच्या दुखण्यानं अत्यवस्थ होता. त्यांच्याकडं डॉक्टर नव्हता, आणि हेलिकॉप्टर पोचेल इतका किनारा जवळ नव्हता. आसपास आपलंच जहाज होतं, म्हणून आपण तिकडं निघालोय. न्यूयॉर्कला पोचायला उशीर होईल, त्याबद्दल प्रवाशांनी क्षमा करावी.

आक्कानं विचारलं, “किती माणसं हायेत ह्या जहाजावर?”

“दोन-अडीच हजार असतील.”

“अन् तिकडं आजारी किती?”

“एक.”

तिच्या ताटलीतला टोस्ट तसाच राहिला.

दुपारी ती बोट दिसली. आधी ठिपका, मग लाल रंगाचा एक तुकडा, लाटेवर चढणारा आणि लाटेमागं पार नाहीसा होणारा. सगळे प्रवासी एका बाजूच्या कठड्यांना लागले होते. आमचं जहाज हळू झालं आणि मग आडवं उभं राहिलं. वारा आणि लाटा त्यानं स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि आमच्या खालच्या बाजूचं पाणी शांत पडलं, तळ्यासारखं नाही, पण होडी उतरेल इतकं. आजोबांनी मला खुणेनं दाखवलं, बघा, त्या छोट्या बोटीला आडोसा केला.

मग इंजिनांची थरथर जवळजवळ थांबली. पाच दिवसांत पहिल्यांदा मला समुद्राचा स्वतःचा आवाज ऐकू आला. त्या पसाऱ्यात आम्ही दोन जहाजं, आणि बाकी सगळं पाणी आणि आभाळ.

दोरांवरून एक होडी खाली सोडली. त्यात नारिंगी कपड्यांतली सहा माणसं. ती लाल बोटीकडं निघाली, लाटेमागं गेली, आणि बराच वेळ दिसली नाही. माझ्या शेजारची बाई तोंडावर हात ठेवून उभी होती. होडी पुन्हा वर आली. पुन्हा गेली. परत येताना तिच्यात सात माणसं होती, एक आडवा, पट्ट्यांनी बांधलेला. होडी दोरांना लागली, सावकाश वर उचलली गेली आणि जहाजाच्या पोटात शिरली, तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळे मजले वाजायला लागले.

लाल बोटीनं भोंगा दिला, लहानसा, घोगरा. आमच्या जहाजानं उत्तर दिलं. तो आवाज कानानं ऐकायचा नव्हताच. तो कठड्यातून हातात आला आणि छातीतून पायात गेला. तीन वेळा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला ते पुसावंसं वाटलं नाही.

आक्कानं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती कठडा घट्ट धरून उभी होती.

“भाऊ,” ती म्हणाली, “यांचा मुहूर्त टळला नाय का?”

मला लगेच समजलं. वीस वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्यांच्या, आक्काच्या नवऱ्याच्या, छातीत कळ आली, तेव्हा आक्कानं त्यांना रस्त्याच्या कडेला बसवून गाडीची वाट बघितली होती. एक वऱ्हाडाची जीप आली. तिनं हात केला. आतल्या माणसानं ओरडून सांगितलं, मुहूर्त टळतोय, मागून येणाऱ्या गाडीला थांबवा. मागून गाडी आली ती तासाभरानं. हे आक्कानं एकदाच सांगितलं होतं, दहाव्याच्या दिवशी, आणि त्या लोकांना तिनं कधी शिव्याशाप दिले नाहीत. ‘जीप भरलेलीच होती,’ एवढंच म्हणायची.

“टळला असंल कुणाकुणाचा,” मी म्हणालो.

“तरी थांबले.”

“थांबले.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. “म्हंजे असं असतं,” ती म्हणाली. “असं असतं जगात. मला वाटायचं, नसतंच.”

संध्याकाळी जेवताना तिनं मला आजोबांना विचारायला लावलं, की तुमचं काही नुकसान झालं का. आजोबा म्हणाले, न्यूयॉर्कहून पुढची त्यांची गाडी चुकणार, दुसरी मिळेल. मग ते म्हणाले, समुद्रावर हाक आली की जायचं असतं, त्यात विचारायचं काय. मी आक्काला ते मराठीत सांगितलं. तिनं त्यांच्या बायकोचा हात हातात घेतला आणि जेवण होईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी कप्तानानं सांगितलं, खलाशी शुद्धीवर आहे, धोका टळलाय. जेवणघरातला प्रत्येक माणूस आपल्या नात्यातला कुणी वाचल्यासारखा हसत होता.

एरवी हे जहाज पहाटे बंदराला लागतं. आम्ही उशिरा, भर दुपारी पोचलो. त्यामुळं बंदराच्या तोंडावरचा मोठा पूल आम्हाला लखलखीत उन्हात दिसला. जहाजाचं धुराडं आणि पुलाचं लोखंड यांच्यामध्ये एवढीशी फट वाटत होती, की खालून बघणाऱ्या सगळ्यांनी माना आत घेतल्या. जहाज सरकून गेलं. मग शहर उगवलं, पाण्यातून सरळ वर.

आधी रुग्णवाहिका आली. खलाशाला स्ट्रेचरवरून नेईपर्यंत सगळे प्रवासी वाट बघत उभे होते, कुणीही पुढं घुसलं नाही. ब्लँकेटातून त्याचा एक हात बाहेर आला आणि हलला. तो कोणत्या देशाचा, कोणत्या जातीधर्माचा, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

उतरताना जहाजावरचं फळ बरोबर नेऊ देत नाहीत, म्हणून आक्कानं पिशवीतलं सफरचंद दारातच खाऊन टाकलं. धक्क्यावर बायको आणि जावई उभे होते. मुलगी घरी होती, तिला अजून नऊ दिवस लागायचे होते. पुढं मुलगा झाला.

आक्का चार पावलं चालली आणि थबकली. तिनं माझं कोपर पकडलं.

“भाऊ, जमीन हलतीय.”

मलाही हलत होती. सात दिवस पाण्यावर काढले की दोन-तीन दिवस असं होतं, घाबरायचं नसतं. आम्ही दोघं एकमेकांना धरून, झोकांड्या खात, बायकोकडं चालत गेलो.