चिनी मातीची शेगडी

पुण्यात राहणारी धाकटी जाऊ सुट्टीला भालकीला आली, ती चिनी मातीची छोटी शेगडी घेऊन. सासूबाई शेजारणींना बोलावून ती दाखवायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. पंधरा वर्षं मी या घरात रांधत होते, माझं कौतुक कुणी केलं नव्हतं.

रविवारी जाऊ अंगणात वांगी भाजायला बसली. कोळसे धुमसतच राहिले. शेगडीची हवेची खालची झडप बंद आहे, हे मला दिसत होतं. तरी मी तांदूळ निवडत राहिले.

"अक्का, कामून तापंना ही?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

मग मात्र मी झडप उघडली. "निखाऱ्यावर पांढरी राख चढंपर्यंत थांब."

जेवताना जाऊ म्हणाली, "शेगडी अक्कानीच तापवली."

"व्हय, शेगडीच लई चांगली हाय," सासूबाई म्हणाल्या. मी भरीत दुसऱ्यांदा घेतलं नाही.